कट म्हणेपर्यंत

घटिया सिनेमा मंडळ हे नाव नीरज चांदोरकरनेच ठेवलं होतं आणि त्याचा त्याला भारी अभिमान होता. चांगल्या सिनेमांवर गंभीर चेहऱ्याने बोलणारी मंडळं इंदूरमध्ये दोन-चार होतीच. नीरजचं त्यातलं नव्हतं. दर दुसऱ्या रविवारी सकाळी पोहे-जलेबी हाणून ही मंडळी अर्पितच्या कोचिंग क्लासच्या खोलीत जमायची आणि ज्यांचं नाव घ्यायला खुद्द निर्मात्यालाही लाज वाटेल असे पिक्चर पाहायची. रबरी पंजांची भुतं, मनगटावर घड्याळ बांधलेले डाकू, मेल्यावरही श्वास घेणारी प्रेतं. पाहायची, हसायची आणि मग दोन-दोन तास त्यावर वाद घालायची.

मंडळाचा सगळ्यात आवडता खेळ होता मूकपट. जुन्या काळी असले पिक्चर आवाजाशिवायच शूट व्हायचे. संवाद मागाहून मुंबईत कुणीतरी भरायचं आणि तेही घाईत, त्यामुळे ओठ एक बोलायचे आणि ऐकू दुसरंच यायचं. मंडळी पिक्चरचा आवाज बंद करायची आणि ओठ हलताना दिसले की मनाला येईल ते बोलायची. ज्याच्या बोलण्यावर सगळे लोळतील त्याला कचोरी.

आणि मंडळाचं दैवत होतं ‘तेरहवीं बावडी’. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस याच माळव्यात शूट झालेला, मुंबईत एक आठवडाही न चाललेला पिक्चर. त्यात मध्यंतरानंतर एक प्रसंग होता. पांढरी साडी नेसलेली, तोंडाला चुना फासलेली चुडैल बावडीच्या, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरीच्या, पाण्यात हातपाय झाडते, तोंड वासते, डोळे बाहेर येतील इतके ताणते आणि वरून भरलेला आवाज खदाखदा हसून म्हणतो, मैं लौट के आऊंगी! ओठांचा आणि त्या वाक्याचा काडीचा संबंध नव्हता. मंडळात त्याला नुसतं ‘चाळीस सेकंद’ म्हणत. ते लागले की सगळ्यांनी उभं राहायचं, बुडत्यासारखे हात झाडायचे आणि एका सुरात ओरडायचं. तो रिवाज नीरजने पाडला होता. ‘जगातली सगळ्यात भयंकर ॲक्टिंग’ असं शीर्षक देऊन ते चाळीस सेकंद त्यानेच नेटवर टाकले होते, आणि आता ते बेंगळुरूपासून कुठल्या कुठल्या देशापर्यंत लोकांच्या मोबाइलमध्ये होते.

हा पिक्चर जगात उरला होता तो एका कॅसेटमुळे. ती नीरजला बाराव्या वर्षी घरातच सापडली, बाबांच्या कपाटात, स्वेटरांच्या खाली. दोन मित्रांना घरी बोलावून त्याने ती लावली होती आणि तिघं पोट धरून हसत असताना बाबा दारात येऊन उभे राहिले. ते रागावले नाहीत. त्यांनी टीव्ही बंद केला, कॅसेट काढून घेतली आणि त्या रात्री जेवले नाहीत. मोठा झाल्यावर नीरजने याचा अर्थ स्वतःच लावून टाकला. बाबा, म्हणजे दिवाकर चांदोरकर, मिलच्या ऑफिसात नोकरी करून हौशी नाटकांत रंगभूषा करायचे, आणि त्या पिक्चरच्या मुंबईच्या युनिटला स्थानिक माणसं जमवून देण्याचं काम त्यांनी केलं होतं. एवढ्या भिकार पिक्चरशी आपलं नाव जोडलेलं आहे याची त्यांना लाज वाटत असणार. नीरजला हे पटलं आणि त्याने पुढे कधी विचारलंच नाही.

तिशीत त्याने ती कॅसेट एका दुकानात देऊन कॉम्प्युटरवर उतरवून घेतली. उतरवून होता होता मशीनने फीत खाल्ली. पिक्चर वाचला, कॅसेट गेली. काही महिन्यांनी बाबांनी विचारलं, “स्वेटरांखाली एक कॅसेट होती, पाहिलीस का रे?” नीरज म्हणाला, “बाबा, ती तो गई. पण टेन्शन नको, सगळं कॉम्प्युटरमध्ये आहे.” बाबा नुसतं “बरं” म्हणाले. कॉम्प्युटर त्यांना लावता येत नव्हता आणि लावून दे म्हणायला ते आले नाहीत.

यंदा मंडळाला दहा वर्षं झाली. नीरजने मोठा बेत आखला: एका शाळेचं सभागृह, दोनशे माणसं, मोठा पडदा, ‘तेरहवीं बावडी’चा खेळ आणि सुरुवातीला बाबांचा सत्कार. त्या युनिटमधलं हयात असं दुसरं कुणी सापडतच नव्हतं. पण खरी गोष्ट वेगळी होती. त्रेचाळीस वर्षांच्या आयुष्यात नीरजने केलेल्या एकाही गोष्टीला बाबांनी चांगलं म्हटलं नव्हतं. वाईटही म्हटलं नव्हतं. हा माणूस घरात होता तो भिंतीवर कॅलेंडर असतं तसा. एकदा त्यांना त्या स्टेजवर बसवायचं, लोकांच्या टाळ्या ऐकवायच्या, मग तरी ते आपल्याकडे वळून काहीतरी बोलतील, एवढीच त्याची भूक होती.

गुरुवारी सकाळी त्याने विषय काढला. बाबा गॅलरीत पेपर वाचत होते.

“बाबा, इतवारला तुम्ही चलाच यार. दोनशे लोक येतायत. भोपाळहून येतायत.”

“त्या पिक्चरला?”

“मग काय! लोकांना तोंडपाठ आहे तो. ती बावडीवाली चुडैल आहे ना, तिचा सीन आला की पूर्ण हॉल उभा राहतो.”

बाबांनी पेपर खाली केला. “उभे राहतात?”

“सगळे के सगळे. मी स्वतः पाहिलंय.”

“तिच्यासाठी?”

“तिच्यासाठीच तर. हीरोला कोण पूछतो?”

बाबांनी पेपराची घडी घातली, ती नीट बसली नाही म्हणून उलगडून पुन्हा घातली. “येतो मी,” ते म्हणाले, आणि थोड्या वेळाने, “मोठा असतो ना पडदा?”

नीरजला आभाळ ठेंगणं झालं. त्याने ताबडतोब अर्पितला फोन लावला.

रविवारी सकाळी तो खाली स्कूटर चालू करून थांबला तरी बाबा येईनात. वर जाऊन पाहतो तर ते स्टुलावर चढून लीलाआत्याच्या फोटोचा हार बदलत होते. लीलाआत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. नीरजच्या जन्माआधी, विसाव्या वर्षी, सहलीला गेली असताना बेटम्याकडे कुठल्याशा विहिरीत पाय घसरून पडली आणि गेली, एवढंच घरात सांगितलं जाई. फोटो शाळेतला होता, दोन वेण्यांचा. ज्या नीरजला त्या पिक्चरमधल्या घोड्यांचीसुद्धा नावं पाठ होती, त्याने या फोटोकडे कधी धड पाहिलं नव्हतं.

“बाबा, पुण्यतिथी आहे का?”

“नाही. असाच,” बाबा म्हणाले आणि नीरजचा खांदा धरून खाली उतरले.

सभागृह खच्चून भरलं होतं. मंडळाने टी-शर्ट छापून घेतले होते, काळ्यावर पांढरं चित्र: चुडैलचा तोंड वासलेला चेहरा. दारातून आत येताना बाबा त्या चेहऱ्यांच्या रांगेकडे पाहतच राहिले. स्वागताला उभ्या असलेल्या एका पोरीसमोर ते थांबले आणि म्हणाले, “सगळ्यांनी घातलाय?” ती म्हणाली, “हो अंकलजी, लेजंड है ये!” बाबांनी खिशातून रुमाल काढला आणि चष्मा पुसला.

शाल, श्रीफळ झालं. माइक हातात दिल्यावर बाबांनी आधी पडद्याकडे पाहिलं. मग म्हणाले, “पंचेचाळीस वर्षं मला कुणी काही विचारलं नाही. मीही कुणाला सांगितलं नाही. तुम्ही लोकांनी आठवण ठेवलीत.” त्यांनी हात जोडले. टाळ्या थांबता थांबेनात. खाली येऊन बसताना त्यांनी नीरजच्या मांडीवर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला. बस्स, नीरजला आणखी काही नको होतं.

पिक्चर सुरू झाला. पहिला अर्धा भाग जसा जायला हवा तसा गेला. रबरी वटवाघूळ आलं तेव्हा लोकांनी शेव उधळली. बाबा हसले नाहीत, पण उठूनही गेले नाहीत.

मध्यंतरात नीरज चहाच्या टेबलापाशी उभा असताना शर्वरी त्याला शोधत आली. ही मंडळात नवीन होती. ऐकू न येणाऱ्या मुलांच्या शाळेत शिकवायची आणि ओठ वाचणं हे तिचं रोजचंच काम होतं. मूकपट खेळताना ती विनोद करत नसे, खरंच काय म्हटलंय ते सांगायची, आणि बऱ्याचदा ते विनोदापेक्षा भारी निघायचं. आज तिने मोबाइल त्याच्यापुढे धरला होता. चाळीस सेकंद, आवाज बंद.

“नीरजजी, मी हा सीन कल रातभर पाहिला. आजच्या मूकपटसाठी तयारी करत होते. तुम्हाला काही वेगळं नाही वाटत?”

“काय वाटायचंय? ओव्हरॲक्टिंगची हद्द आहे.”

“पहिले वीस सेकंद बघा. ती बाराखडी म्हणतेय.”

नीरज हसला. “क्या बात! ये तो सुपरहिट है. स्टेजवरून सांगू.”

“हसू नका ना. का, की, कू, के, को. मी रोज पोरांकडून हेच घोकून घेते, माझी चूक नाही होणार. ओठ ताणले, गोल केले, उघडले. एकदम मजेत म्हणतेय. आता बघा. इथे तिला खाली झटका बसला. यानंतर बाराखडी बंद.” शर्वरीने बोटाने चित्र थांबवलं. “यानंतर एकच गोष्ट म्हणतेय, सात वेळा. दोनदा आ, मग ओ. बाबा नाही, आई नाही. बाबाला ओठ मिटतात. मला वाटतं ती ‘दादा, ओढ’ म्हणतेय. मराठीत. नीरजजी, ही ॲक्टिंग नाहीये. ही मुलगी बुडतेय.”

नीरजने मोबाइल हातात घेतला आणि पुन्हा लावला. हजार वेळा पाहिलेली गोष्ट. त्याच्याच टी-शर्टवर छापलेली. सातव्या वेळेनंतर ते तोंड पाण्याखाली गेलं आणि वर आलं नाही. तिथेच कट होता. दहा वर्षं तो लोकांना समजावून सांगत आला होता की दिग्दर्शकाला शॉट कुठे तोडायचा तेही कळत नव्हतं.

तो सरळ बाबांकडे गेला. ते पहिल्या रांगेत शाल मांडीवर घेऊन बसले होते, चहाला हात लावलेला नव्हता.

“बाबा, ती चुडैल कोण होती?”

बाबांना प्रश्नाचं नवल वाटलं. “तुला ठाऊक नाही? मग हे सगळं तू कुणासाठी केलंस?”

नीरज शेजारच्या खुर्चीत बसला.

“लीला,” बाबा म्हणाले. “आपली लीला. मानपूरच्या खालची बावडी. मुंबईची बाई पाण्यात उतरायला तयार होईना. डायरेक्टर म्हणाला, एखादी पोरगी आण पोहणारी. हिला भारी हौस. घरी सांगितलं सहलीला जातोय. चुना मीच लावला तिला. कमरेला दोर बांधला, तोही मीच. दोराचं टोक माझ्या हातात, मी कठड्याच्या मागे. डायरेक्टरने बजावलेलं, कट म्हणेपर्यंत ओढायचं नाही, दोर ताणला की दिसतो.”

“बाबा...”

“तिने मला विचारलं, दादा, बोलायचं काय? मी म्हटलं, आवाज मागाहून भरतात, तू काहीही ओरड, फक्त तोंड मोठं उघड. बाराखडी म्हण, नाहीतर मला हाका मार.” बाबा समोरच्या कोऱ्या पडद्याकडे पाहत होते. “तिने मला हाका मारल्या. मी ऐकत होतो ना. साडी खाली कशात तरी अडकली होती. मला वाटलं, वा, काय करतेय पोरगी. युनिटवाले हसत होते. मीही हसत होतो, नीरज. कट म्हणाले तेव्हा मी दोर ओढला. नुसता दोर वर आला.”

चहाचे कप गोळा होत होते. मागे कुणीतरी शिट्टी मारली.

“पंचनाम्यात पाय घसरला असं लिहिलं. मीच सांगितलं तसं. आप्पांना, तुझ्या आजोबांना, बेटमा सांगितलं, म्हणजे कुणी बावडी बघायला जाऊ नये. आणि त्या लोकांनी तो शॉट ठेवला. दोन वर्षांनी पिक्चर लागला तेव्हा कळलं. मग कॅसेट निघाली, ती घेतली. तिचं हलतंबोलतं दुसरं काहीच नव्हतं घरात. घरी कुणी नसलं की लावायचो.”

“घरी चला, बाबा. आत्ताच्या आत्ता.”

“का? आता तर येईल ती.” बाबांनी त्याच्या मांडीवर पुन्हा थोपटलं. “कॅसेट गेल्यापासून तेरा वर्षं पाहिली नाही मी तिला. तू म्हणालास ना, लोक उभे राहतात. मला वाटायचं, पाप माझं एकट्याचं, तर आठवणही एकट्याचीच राहणार. बस की जरा.”

दिवे गेले. नीरज अंधारात चाचपडत मागे पळाला, अर्पित लॅपटॉप घेऊन बसला होता तिथे.

“अर्पित, चाळीस सेकंद उडव. पुढे ढकल.”

“पागल झाला काय भिया? लोक त्याचसाठी तर आलेत. पब्लिक मारेल अपन को.”

“सांगतो ना तुला!”

“अरे, पण झालं काय?”

झालं काय ते दोन शब्दांत सांगता येण्यासारखं होतं. माझी आत्या आहे ती. पण ते सांगायचं तर आतापर्यंतचं सगळंच सांगावं लागलं असतं, रिवाज कुणी पाडला इथपासून. शेजारीच माइक पडला होता. नीरजने तो उचलला. दोनशे डोकी पडद्याकडे वळलेली होती, आणि त्याला ऐन वेळी लाज वाटली, आपण रडवेल्या आवाजात काहीतरी बोलू आणि लोक तोही विनोद समजतील याची. त्या लाजेपायी त्याने अर्धं मिनिट घालवलं. तेवढ्यात बावडी आली.

हॉल एका झटक्यात उभा राहिला. खुर्च्यांचा खडखडाट झाला. पहिल्या रांगेत नीरजला बाबा दिसले. ते मागे वळून पाहत होते, सगळे खरंच उभे राहिलेत याची खात्री करत होते. मग खुर्चीच्या हाताचा आधार घेऊन तेही उठले, शाल सावरली आणि पडद्याकडे तोंड करून हात जोडले.

पडद्यावर लीलाआत्या बाराखडी म्हणत होती. दोनशे जणांनी हात वर केले आणि बुडत्यासारखे झाडायला सुरुवात केली. हशा उसळला. बाबांचे जोडलेले हात हळूहळू खाली आले. ते उजवीकडे पाहू लागले, मग डावीकडे. शेजारचा एक मुलगा डोळे बाहेर काढून, जीभ लोंबवून त्यांनाच दाखवत होता, अंकल, ऐसे!

नीरजने लॅपटॉपची वायर हिसकली. पडदा काळा झाला, आवाज गेला. क्षणभर, अगदी क्षणभरच, शांतता झाली. आणि मग अंधारातून दोनशे गळे, त्यानेच शिकवलेल्या ठेक्यात, एक साथ ओरडले: मैं लौट के आऊंगी! टाळ्या पडल्या, शिट्ट्या झाल्या. लोकांना वाटलं, नीरज भियाने मुद्दामच बंद केलं, क्या आयडिया है!

“नीरज.” बाबांचा आवाज कधी चढत नसे. आज चढला. “नीरज, लाव रे. अजून ती वर आहे.”

“बाबा, नको.”

“लाव म्हणतो ना! वीस सेकंद आहेत तिचे अजून. लाव!”

अर्पितने वायर त्याच्या हातून काढून घेतली आणि जोडली. बाबा पडद्याच्या अगदी जवळ जाऊन उभे राहिले होते. तिचा चेहरा त्यांच्यापेक्षा मोठा होता, आणि तिचं तोंड उघडत होतं, दोनदा आ, मग ओ. मागे लोक हसत होते. बाबांच्या दोन्ही मुठी छातीशी आवळलेल्या होत्या आणि सात वेळा, तिच्या ओठांबरोबर, ते झटका देऊन हात मागे ओढत होते. लोकांना तेही आवडलं. दोघा-तिघांनी लगेच तसंच करायला सुरुवात केली.

पिक्चर संपल्यावर बाबांभोवती गर्दी झाली. नीरज तिच्यातून वाट काढत होता, त्यांना बाहेर न्यायचं एवढंच त्याच्या डोक्यात होतं. तो पोचला तेव्हा मघाची पोरगी बाबांबरोबर सेल्फी घेत होती. बाबा मोबाइलकडे न पाहता तिच्या टी-शर्टवरच्या चेहऱ्याकडे पाहत होते.

“अंकलजी, सच्ची बताऊं,” ती म्हणाली, “क्या एक्टिंग केलीये तिने!”

“हो,” बाबा म्हणाले. “मलाही तेव्हा तसंच वाटलं होतं.”

त्यांनी शाल तिच्या हातात दिली आणि नीरजकडे न बघता दाराकडे चालू लागले.